घरविमा दावे

घरविमा दावे : आग, पूर, वादळ, भूकंप, दरड कोसळणे यांसारख्या आपत्तींमुळे राहत्या घराची अथवा घरातील चीजवस्तूंची हानी झाली असता, विमापत्रातील करारानुसार विमेदाराने विमा कंपनीकडे केलेल्या भरपाईच्या मागणीस घरविमा दावा असे म्हणतात. हा दावा कसा मांडावा, कोणत्या पुराव्याने सिद्ध करावा, कंपनीने तो किती मुदतीत निकालात काढावा आणि तो फेटाळला गेल्यास दाद कोठे मागावी, यांसंबंधीचे भारतातील नियम एकाच कायद्यात आढळत नाहीत. ते भारतीय करार अधिनियम (१८७२), मालमत्ता हस्तांतरण अधिनियम (१८८२), विमा अधिनियम (१९३८), मुदत अधिनियम (१९६३), ग्राहक संरक्षण अधिनियम (२०१९), विमा नियामक प्राधिकरणाची विनियमने आणि न्यायालयांचे निवाडे यांत विखुरलेले आहेत. त्यामुळेच सामान्य घरमालक आपत्तीनंतर गोंधळतो आणि पुष्कळदा न्याय्य रकमेपेक्षा कमी रकमेवर समाधान मानतो.

घराच्या विम्याचा उगम आगविम्यात आहे. १६६६ मध्ये लंडन शहराचा मोठा भाग आगीत भस्मसात झाल्यानंतर निकोलस बार्बन याने घरांचा आगीविरुद्ध विमा उतरविण्याचा व्यवसाय तेथे सुरू केला. भारतात सर्वसाधारण विमा व्यवसायाचा आरंभ १८५० साली कलकत्त्यात ट्रायटन कंपनीने केला. १९७२ च्या अधिनियमान्वये या व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमासंस्था चार सरकारी कंपन्यांत विलीन करण्यात आल्या. १९९९ च्या अधिनियमाने विमा नियामक व विकास प्राधिकरण स्थापन झाले व खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र पुन्हा खुले झाले. आगविम्याचे दर व अटी दीर्घकाळ दरपत्रकाने बांधलेल्या होत्या. १ जानेवारी २००७ पासून दरांवरील हे बंधन उठले. घरासाठी मात्र प्राधिकरणाने ‘भारत गृह रक्षा’ या नावाचे प्रमाणित विमापत्र ठरवून दिले आणि आगविमा विकणाऱ्या कंपन्यांना १ एप्रिल २०२१ पासून ते उपलब्ध करून देणे बंधनकारक केले. त्याचे शब्द सर्व कंपन्यांत मूलतः सारखेच असल्याने पुढील विवेचनात प्रामुख्याने त्याचाच आधार घेतला आहे.

विमापत्राची व्याप्ती : दाव्याचा पहिला प्रश्न हानी किती झाली हा नसून ती कशाने झाली हा असतो. भारत गृह रक्षा विमापत्रात आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, त्सुनामी, पूर व जलमयता, जमीन खचणे, भूस्खलन, दरड कोसळणे, वणवा, वाहन किंवा झाड यांसारख्या बाह्य वस्तूचा आघात, दंगल, संप, दुष्ट हेतूने केलेली नासधूस, दहशतवादी कृत्य, पाण्याच्या टाक्या व नळ फुटणे किंवा भरून वाहणे इ. घटना अंतर्भूत आहेत. यांपैकी एखादी घटना घडून तिच्यामुळेच सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर तीही भरपाईस पात्र ठरते. पुराच्या वेळी घर सोडून गेलेल्या कुटुंबांना ही तरतूद विशेष उपयोगाची आहे. तथापि तिची माहिती फारच थोड्यांना असते. एरवीच्या घरफोडीसाठी स्वतंत्र विमा लागतो, आणि त्यात बहुधा बळजबरीने प्रवेश झाल्याची अट असते. दार उघडे असताना झालेली साधी चोरी अशा विमापत्राखाली येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मधील एका निवाड्यात स्पष्ट केले आहे.

वगळलेल्या बाबींमध्ये युद्ध, आण्विक किरणोत्सर्ग, हेतुपुरस्सर केलेली हानी, सरकारी आदेशाने केलेले ज्वलन या सर्वत्र आढळणाऱ्या बाबी आहेत. घरमालकाला प्रत्यक्षात नडतात त्या वेगळ्याच. जमीन खचण्याची जोखीम विमापत्रात असली, तरी नव्या बांधकामाचे स्वाभाविक बसणे व त्याने पडणाऱ्या भेगा, भरावाच्या जमिनीची हालचाल, सदोष आराखडा वा कारागिरी आणि समुद्राने किंवा नदीने केलेली किनाऱ्याची धूप या गोष्टी त्या जोखमीतून वगळलेल्या आहेत. विद्युत् उपकरणात अतिदाबाने किंवा मंडलसंक्षेपाने बिघाड झाल्यास त्या उपकरणापुरती भरपाई मिळत नाही. मात्र त्यातून आग भडकून इतर वस्तू जळाल्या, तर त्या वस्तूंची मिळते. वर्षानुवर्षे भिंतीत मुरणारी ओल, गच्चीची गळती, वाळवी, जीर्ण झालेली कडीपाटाची जमीन कोसळणे हे विम्याचे विषयच नव्हेत, कारण विमा आकस्मिक घटनेचा असतो, झिजेचा नसतो. नव्या इमारतीतील संरचनात्मक दोषाबद्दल दाद मागावयाची असल्यास ती विमा कंपनीकडे नव्हे, तर विकासकाकडे मागावी लागते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला असा दोष विकासकाने तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करावयाचा असतो.

अनेक कारणे एकत्र आली असता निकटतम कारण कोणते, हे पाहिले जाते. येथे निकटतम म्हणजे काळाने सर्वांत शेवटचे असे नव्हे, तर परिणामाच्या दृष्टीने प्रबळ असे कारण होय. भूकंपाने चूल उलटून लागलेली आग ही भूकंपाचाच परिणाम समजली जाते. अतिवृष्टीने नाला तुंबून तळमजल्यावर पाणी शिरणे ही जलमयता होय. परंतु पावसाचे पाणी भिंतीच्या जुन्या भेगेतून झिरपून रंग उडाला, तर कंपनी ती देखभालीची उणीव ठरविते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड पुरात बुडाले. अशा प्रसंगी पूर हे कारण निर्विवाद असते. वाद उत्पन्न होतो तो पुराच्या आधीची झीज किती व पुराने केलेली हानी किती यासंबंधी. हानी विमापत्राच्या कक्षेत येते एवढे सिद्ध करण्याचा भार विमेदारावर असतो. ती वगळलेल्या बाबींत मोडते असे कंपनीचे म्हणणे असेल, तर ते सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो. हा भेद साधा आहे, पण पत्रव्यवहारात घरमालक तो विसरतो आणि कंपनीच्या प्रत्येक शंकेचे निराकरण करणे आपलेच कर्तव्य आहे असे समजतो.

विमापत्रातील संदिग्ध शब्दांचा अर्थ ते शब्द लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावावा, असा न्यायालयांचा संकेत आहे. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या प्रकरणात या संकेताचा उल्लेख आहे. बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यात गंगाकाठच्या धुलियान गावातील घरांचा पूर व नदीने केलेली धूप यांविरुद्ध विमा उतरविलेला होता. नदी घरे गिळण्यापूर्वी कंपनीने विमापत्रातील अटीचा आधार घेऊन जोखीम रद्द केली होती. न्यायालयाने संकेत मान्य केला; परंतु अटीचे शब्द येथे स्पष्ट आहेत असे ठरवून निकाल कंपनीच्या बाजूने दिला. शब्द स्पष्ट असतील, तर सहानुभूतीला वाव उरत नाही, हे या प्रकरणाने दाखविले आणि पुढील अनेक निवाड्यांत त्याचा आधार घेतला गेला. याउलट, वगळणुकीचे कलम ग्राहकाला दाखविलेच नसेल, किंवा विमा ज्या जागेचा उतरविला तीच जागा त्या कलमाने वगळली जात असेल, तर कंपनीला त्या कलमाचा आश्रय घेता येत नाही. तळघरातील दुकानाचा विमा जाणीवपूर्वक उतरवून नंतर तळघर वगळलेले आहे असे सांगणाऱ्या कंपनीविरुद्ध २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला.

विमित रक्कम : हानिपूर्ती हे मालमत्ताविम्याचे मूलतत्त्व आहे. विमेदाराला नुकसानीपूर्वीच्या स्थितीत आणावयाचे, त्याला नफा होऊ द्यावयाचा नाही, असा त्याचा आशय आहे. घराच्या बाबतीत मोजले जाते ते बांधकामाचे मूल्य, जमिनीचे नव्हे. सदनिकेची खरेदी किंमत ८० लाख रु. असली, तरी तिच्या चटई क्षेत्राला प्रचलित बांधकाम खर्चाने गुणून येणारी रक्कम त्याहून पुष्कळच कमी असू शकते, आणि विमा तेवढ्याच रकमेचा घ्यावयाचा असतो. खरेदी किमतीचा विमा घेऊन अधिक हप्ता भरणाऱ्यास अधिक भरपाई मिळत नाही.

याच्या उलट चूक अधिक महागात पडते. जुन्या आगविमापत्रांत सरासरीचे कलम असे. घर पुन्हा बांधण्याचा खर्च ४० लाख रु. असताना विमा २४ लाख रुपयांचाच उतरविलेला असेल आणि १० लाख रुपयांची हानी झाली असेल, तर उरलेल्या जोखमीचा विमेदार स्वतःच विमाकार आहे असे मानून त्याला ६ लाख रुपयेच मिळत. भारत गृह रक्षा विमापत्रात अपुऱ्या विम्याबद्दलची ही कपात करण्यात येत नाही. विमित रकमेच्या मर्यादेत प्रत्यक्ष हानी भरून दिली जाते. घराच्या बांधकामाचा विमा उतरविला असता सर्वसाधारण घरगुती वस्तूंचा विमा बांधकामाच्या विमित रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांच्या मर्यादेत, आपोआप लागू होतो. दागिने, दुर्मिळ कलावस्तू यांसाठी मात्र स्वतंत्र यादी व मूल्यांकन देऊन ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते. वास्तुविशारद, सर्वेक्षक व अभियंते यांचे शुल्क दाव्याच्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा हलविण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत मिळू शकतो. घर राहण्यास अयोग्य झाल्यास पर्यायी निवासाचे भाडे किंवा बुडालेले भाडेही विमापत्रात अंतर्भूत आहे. हे तिन्ही खर्च दावापत्रात लिहिलेच नाहीत म्हणून मिळाले नाहीत, असे वारंवार घडते.

हानीनंतरची कर्तव्ये : विमेदाराने विमा नसता तर आपण जसे वागलो असतो तसेच वागले पाहिजे. आग विझविणे, पाणी उपसणे, उरलेले सामान सुरक्षित स्थळी नेणे, उघड्या छपरावर ताडपत्री घालणे ही त्याची कर्तव्ये होत, आणि त्यांसाठी केलेल्या वाजवी खर्चाच्या पावत्या त्याने जपून ठेवाव्यात. मात्र कंपनीच्या सर्वेक्षकाने पाहणी करण्यापूर्वी कायम स्वरूपाची दुरुस्ती करू नये, तसेच भिजलेल्या व जळालेल्या वस्तू फेकून देऊ नयेत. पूर ओसरताच चिखलाने भरलेले सामान रस्त्यावर काढून टाकणे स्वाभाविकच असते आणि रोगराईच्या भीतीने नगरपालिकाही तशी घाई करते. अशा वेळी निदान प्रत्येक खोलीची व वस्तूची छायाचित्रे, भिंतीवर उमटलेली पाण्याची पातळी, उपकरणांवरील क्रमांकाच्या पट्ट्या यांची नोंद करून मगच सामान हलवावे.

कंपनीस तत्काळ लेखी कळवावे. दूरध्वनीवरून कळविले असल्यास मिळालेला नोंदक्रमांक टिपून ठेवून त्याच दिवशी पत्र किंवा ई-पत्र पाठवावे. आग लागली असल्यास अग्निशामक दलाचे प्रमाणपत्र, चोरी किंवा नासधूस असल्यास पोलिसांकडील प्रथम माहिती अहवाल, नैसर्गिक आपत्ती असल्यास महसूल खात्याचा पंचनामा आणि जरूर तेथे हवामान खात्याची नोंद मिळवावी लागते. ग्रामीण भागात तलाठ्याचा पंचनामा हाच बहुधा एकमेव सरकारी कागद असतो. तो प्रामुख्याने शासकीय मदतीच्या निकषांनुसार केलेला असल्याने त्यात ‘घर अंशतः पडझड’ एवढेच लिहिलेले आढळते. कोणती भिंत, किती लांबी, कोणती वस्तू, हे पंचांसमोर लिहून घेणे हिताचे ठरते. शासनाची आपद्ग्रस्त मदत व विम्याची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरी मागण्याचा हक्क जात नाही.

विलंबाने कळविले या कारणावरून दावे फेटाळण्याची प्रथा एकेकाळी सर्रास होती. २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकाने प्राधिकरणाने कंपन्यांना बजावले की, विलंब अपरिहार्य कारणांनी झाला असेल, तर केवळ त्या तांत्रिक मुद्द्यावर खरा दावा नाकारू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ व २०१९ मधील निवाड्यांत आणखी पुढे जाऊन असे ठरविले की, नकाराच्या पत्रात कंपनीने विलंबाचा उल्लेख केला नसेल, तर तो मुद्दा नंतर आयोगासमोर प्रथमच मांडता येणार नाही. नकाराचे पत्र हा त्यामुळे महत्त्वाचा दस्तऐवज ठरतो. ते तोंडी मिळाले असेल, तर लेखी मागून घ्यावे.

विमा हा परमविश्वासावर आधारलेला करार असल्याने प्रस्तावाच्या वेळी व दाव्याच्या वेळी खरी माहिती देणे विमेदारावर बंधनकारक असते. घराचा वापर शिकवणी, गोदाम किंवा लहान कारखाना यांसाठी होत असल्यास ते सांगितले पाहिजे. खऱ्या हानीत खोट्या पावत्या मिसळणे हा अत्यंत घातक मोह आहे. फसवणूक सिद्ध झाल्यास विमापत्रातील अटीनुसार खोटा भागच नव्हे, तर संपूर्ण लाभ गमवावा लागतो.

सर्वेक्षक : विमा अधिनियमाच्या कलम ६४ यूएम नुसार विनियमनांत ठरवून दिलेल्या रकमेहून अधिक हानीचा दावा परवानाधारक सर्वेक्षक व हानिमूल्यांककाच्या अहवालाविना निकालात काढता येत नाही. मुळात अधिनियमातच ही मर्यादा २०,००० रु. अशी नमूद होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती ठरविण्याचे काम विनियमनांकडे सोपविण्यात आले. सर्वेक्षकाचे शुल्क कंपनी देते, तथापि त्याने दोन्ही पक्षांविषयी निष्पक्ष राहावे अशी कायद्याची अपेक्षा आहे. व्यवहारात त्याचा कल कोणीकडे असतो याविषयी विमेदारांचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही. यास्तव पाहणीच्या वेळी विमेदाराने स्वतः हजर राहावे, आपली यादी त्याला द्यावी व दिल्याची पोच घ्यावी. मोठ्या हानीत स्वतःच्या अभियंत्याकडून दुरुस्तीचे अंदाजपत्रक बाबवार करून घेतल्यास सर्वेक्षकाच्या आकड्यांशी तुलना करणे शक्य होते. ‘दुरुस्ती खर्च, एकंदर ६ लाख रु.’ अशा एका ओळीच्या अंदाजपत्रकाला काडीचीही किंमत येत नाही. गिलावा किती चौ. मी., विद्युत् तारजोडणी किती बिंदूंची, लाकूडकाम कोणते, हे त्यात लिहिलेले असावे लागते. विमेदाराने मागितल्यास त्याला अहवालाची प्रत मिळते. ती अवश्य मागावी.

अहवालाला वजन असते, पण तो अंतिम नसतो. सर्वेक्षकाचे मूल्यांकन हा भरपाई ठरविण्याचा आधार असला, तरी तो कंपनीवर वा विमेदारावर बंधनकारक असा अखेरचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निवाड्यात दुसरा सर्वेक्षक नेमण्याचा कंपनीचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. परंतु त्यासाठी सबळ कारणे दिली पाहिजेत आणि मनासारखा अहवाल मिळेपर्यंत एकामागून एक सर्वेक्षक नेमत राहता येणार नाही, असेही स्पष्ट केले.

मुदतींबाबत २००२ च्या विनियमनांत, आणि पुढे त्यांची जागा घेणाऱ्या २०१७ च्या विनियमनांतही, सूचना मिळाल्यापासून ७२ तासांत सर्वेक्षक नेमणे, एरवी ३० दिवसांत त्याचा अहवाल येणे व अहवाल मिळाल्यावर ३० दिवसांत कंपनीने निर्णय देणे अपेक्षित होते. विलंब झाल्यास बँकदराहून २ टक्के अधिक दराने व्याज द्यावे लागे. २०२४ च्या विनियमनांनी व त्याखालील परिपत्रकांनी या चौकटीची फेररचना केली असून मुदती कमी करण्यावर भर दिला आहे. व्याज आपण होऊन देणाऱ्या कंपन्या विरळाच. ते मागावे लागते.

पूर्ण भरपाईची पावती : रक्कम देण्यापूर्वी कंपनी विमेदाराकडून ‘संपूर्ण व अंतिम भरपाई पावली’ अशा मजकुराच्या पावतीवर सही घेते. घर उघड्यावर पडलेले, मुले नातलगांकडे, सुताराला आगाऊ रक्कम द्यावयाची, अशा स्थितीत निम्म्या रकमेवरही सही होते. अशी सही झाली म्हणून उरलेल्या रकमेचा हक्क संपतोच असे नाही. फसवणूक, गैरवाजवी दबाव किंवा चुकीचे निवेदन यांमुळे सही घेतली गेल्याचे दाखविता आल्यास सहीनंतरही तक्रार चालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ठरविले. २४ सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकाने प्राधिकरणानेही, अशा पावत्यांच्या आधारे विमेदाराला दाद मागण्यापासून रोखू नये, असे कंपन्यांना कळविले. तरीही दबाव सिद्ध करणे कष्टाचे असते. रक्कम मान्य नसल्यास पावतीवरच ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारली’ असे लिहावे. कंपनीने ते लिहू दिले नाही, तर रक्कम मिळताच विलंब न लावता लेखी निषेध नोंदवावा. काही महिने गप्प राहून नंतर दबावाची तक्रार करणाऱ्यावर सहसा विश्वास ठेवला जात नाही.

गहाण, भाडेकरू, खरेदीदार व गृहनिर्माण संस्था : घर कर्जासाठी बँकेकडे गहाण असल्यास विमापत्रात बहुधा बँकेच्या हिताचे कलम असते व भरपाईचा धनादेश बँकेच्या नावे निघतो. ती रक्कम दुरुस्तीसाठी मिळावयाची की कर्जखात्यात जमा व्हावयाची, हे कर्जकरारावर अवलंबून असते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ७६ नुसार ताबा घेतलेल्या गहाणदाराने विम्याची रक्कम घर पूर्ववत करण्यासाठी, किंवा गहाणकाराने सांगितल्यास कर्ज कमी करण्यासाठी, वापरावयाची असते. आपत्तीनंतर बँकेच्या व्यवस्थापकास पहिल्याच आठवड्यात पत्र देणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

विक्रीचा करार झाला, पण खरेदीखत झाले नाही, अशा मधल्या काळात घर जळाले तर काय, हा प्रश्न इंग्लंडमध्ये १८८३ साली कॅस्टेलेन वि. प्रेस्टन या प्रसिद्ध खटल्यात उपस्थित झाला. विक्रेत्याने विमा कंपनीकडून ३३० पौंड घेतले आणि त्यानंतर खरेदीदाराकडून ठरलेली ३,१०० पौंडांची संपूर्ण किंमतही घेतली. एकाच हानीबद्दल दोनदा लाभ घेता येणार नाही, असे ठरवून न्यायालयाने ती ३३० पौंडांची रक्कम कंपनीला परत देवविली. हानिपूर्तीच्या तत्त्वाचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. पण त्यात खरेदीदाराच्या हाती मात्र पूर्ण किमतीत जळके घर आले. भारतात मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४९ ने खरेदीदारालाही आधार दिला आहे. हस्तांतरणाच्या दिवशी मालमत्तेचा विमा उतरविलेला असेल, तर विरुद्ध करार नसल्यास, विक्रेत्याला प्रत्यक्ष मिळालेली विम्याची रक्कम मालमत्ता पूर्ववत करण्यासाठी लावावी, अशी मागणी खरेदीदार करू शकतो.

दुसऱ्या कोणाच्या निष्काळजीपणामुळे, उदा., वरच्या मजल्यावरील बांधकामामुळे, हानी झाली असेल, तर भरपाई दिल्यावर कंपनी विमेदाराच्या जागी येऊन त्या त्रयस्थाकडून वसुली करू शकते. विमेदाराने मध्येच त्या शेजाऱ्याशी परस्पर तडजोड करून त्याला मोकळे केले, तर कंपनीचा हा हक्क बुडतो व दावाही अडचणीत येतो. शेजारधर्म सांभाळण्याच्या भरात लिहून दिलेली ‘काही तक्रार नाही’ अशी चिठ्ठी अशा वेळी नडते.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संस्थेने इमारतीचा आग व भूकंप यांविरुद्ध विमा उतरविणे आवश्यक आहे. हा विमा इमारतीच्या सांगाड्याचा व सामाईक भागांचा असतो. सदस्याचे सामान व त्याने स्वतः केलेली अंतर्गत सजावट त्यात येत नाही. दावा संस्थेने करावयाचा असतो व रक्कम संस्थेला मिळते. पूर किंवा पाणी शिरणे ही जोखीम संस्थेच्या विमापत्रात आहे किंवा नाही, हे तळमजल्यावरील सदस्यांनी सर्वसाधारण सभेत विचारून घ्यावे, कारण वरच्या मजल्यांवरील बहुमताला त्याची निकड जाणवत नाही.

दाद मागण्याचे मार्ग : दावा नाकारला गेल्यास किंवा कमी रक्कम देऊ केल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. उत्तर असमाधानकारक असल्यास, अथवा एक महिन्यात उत्तरच न आल्यास, विमा लोकपालाकडे जाता येते. १९९८ च्या नियमांनी निर्माण झालेली ही व्यवस्था आता विमा लोकपाल नियम, २०१७ व त्यांतील दुरुस्त्या यांनुसार चालते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. येथे शुल्क नाही आणि वकिलाची आवश्यकता नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो व तीस दिवसांत अमलात आणावा लागतो. विमेदाराला तो मान्य नसल्यास पुढचा मार्ग मोकळा राहतो. मात्र तोच वाद ग्राहक आयोगासमोर किंवा न्यायालयात प्रलंबित असेल, तर लोकपाल तो हाती घेत नाही. म्हणून क्रम उलटा करू नये.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. त्याखाली आयोगाची अधिकारिता मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. विम्यात मोबदला म्हणजे हप्ता. त्यामुळे घरविम्याचा जवळजवळ प्रत्येक दावा, तो कितीही मोठ्या रकमेचा असला तरी, जिल्हा आयोगासमोरच चालतो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यास तक्रारशुल्कही नाही. विमेदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. ही सुधारणा मोठी आहे. चिपळूणच्या पूरग्रस्ताला आता कंपनीच्या शाखेचा किंवा मुख्यालयाचा शोध घेत मुंबईस जाण्याचे कारण उरलेले नाही. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. सबळ कारणासाठी विलंब क्षमापित होऊ शकतो. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, आणि अपील करणाऱ्याने आदेशित रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

साक्षीपुरावा गुंतागुंतीचा असेल किंवा फसवणुकीचे गंभीर आरोप असतील, तर दिवाणी दावा हा मार्ग उरतो. मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ४४ नुसार हानीच्या घटनेपासून, अथवा दावा पूर्णतः किंवा अंशतः नाकारल्यास नकाराच्या तारखेपासून, तीन वर्षांत तो दाखल करावा लागतो. जुन्या आगविमापत्रांत ही मुदत बारा महिन्यांवर आणणारी अट छापलेली असे. करार अधिनियमाच्या कलम २८ मध्ये १९९७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे, ठराविक मुदत संपताच पक्षकाराचा हक्कच नष्ट करणारी व त्यायोगे त्याला न्यायालयात जाण्यापासून रोखणारी अट त्या मर्यादेपुरती शून्य ठरते. नकाराच्या पत्रात अशी अट उद्धृत केलेली आढळल्यास विमेदाराने तेवढ्यावरून माघार घेण्याचे कारण नाही.